पळीभर खरा काढा

आक्का तळहाताच्या खळग्यात काढ्याचा थेंब घ्यायची, जिभेनं टिपायची, डावा डोळा मिटायची आणि आख्ख्या रसशाळेला श्वास रोखून उभं करायची. मग निकाल लागायचा.

"कडू हाय, पण पोचत न्हाय."

कुठं पोचत नाही, हे विचारायची सोय नव्हती. एका नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. आक्कानं त्यांच्या हातावर दुसऱ्या पातेल्यातला थेंब टाकला. बाईंनी चाटला आणि दुपारपर्यंत त्यांचं तोंड सरळ झालं नाही. "ह्ये पोचलं," आक्का म्हणाली आणि शेगडीकडं वळली.

मी सांगतो त्यातलं निम्मं वजा करून घ्या. आमच्या कोल्हापुरात ही वजाबाकी ऐकणाऱ्यानं करायची असते. सांगणारा त्या भरवशावरच सांगत असतो. पण आक्काच्या जिभेबद्दल सांगेन त्यातला कणही वजा करू नका. आमच्या आयुर्वेद कॉलेजच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. तिथला रस्सा ती फोनवरून चाखायची. पुतणी मोबाईल पातेल्याजवळ धरायची, रस्सा रटरटायचा, आणि आक्का मंडईत उभी राहून ओरडायची, "मीठ कमी हाय! आनि खोबरं कुणी गं येवढं जाडं वाटलंय?" मी शेजारी उभा होतो. शपथ घ्यायला तयार आहे, फक्त जोतिबाच्या डोंगरावर नेऊ नका.

मी त्या कॉलेजच्या रसशाळेत भांडार सांभाळतो. रसशाळा म्हणजे औषधं शिजवायची जागा. नाव भारी, छप्पर पत्र्याचं. हिरडा, बेहडा, अश्वगंधा अशा पोत्यांच्या पहाऱ्यावर माझं आयुष्य गेलं. दारावरच्या कुत्र्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की कुत्र्याला सही करावी लागत नाही.

तर आमच्या मॅडम, कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टर. त्या एकाच प्रश्नाच्या मागं लागल्या होत्या. ब्राह्मी, शंखपुष्पी आणि जटामांसी यांचा काढा उदास माणसाला, सारखा जीव घाबरा होणाऱ्या माणसाला खरोखर उपयोगी पडतो का? "पडतो की! आमच्या चुलत्यांना पडलाय," असं त्यांना जो तो सांगायचा. मॅडमना या चुलत्यांचा वीट आला होता. त्यांना पुरावा पाहिजे होता, आणि पुराव्याच्या मागं धावून धावून त्या इतक्या दमल्या होत्या की व्हरांड्यात रोग्यांच्या रांगेत बसल्या असत्या तर कुणी उठवलं नसतं.

अशी परीक्षा घ्यायची तर दोन काढे लागतात. निम्म्या रोग्यांना खरा आणि निम्म्यांना खोटा. खोटा म्हणजे दिसायला, चवीला, वासाला अगदी खऱ्यासारखा, पण आत औषध नाही. रोग्यांना हे सगळं आधी सांगतात, त्यांची संमती घेतात. मात्र आपल्याला कुठला मिळतोय हे त्यांना कळत नाही आणि तपासणाऱ्या मॅडमनाही कळत नाही. भरलेल्या बाटल्या ऑफिसात जातात, तिथं त्यांच्यावर आकडे चढतात, आकड्यांचा उलगडा कपाटात बंद. शेवटी कपाट उघडायचं आणि बघायचं, कुणाला जास्त बरं वाटलं.

पहिला खोटा काढा आमच्या विद्वान लोकांनी केला. साखर जाळून रंग आणला. एका निवृत्त मास्तरांना चाखायला दिला. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "चहा बरा झालाय. दूध टाकायचं राहिलंय न्हवं?"

त्याच सुमाराला रस्ता रुंद झाला आणि आक्काच्या खानावळीचा ओटा रस्त्यात गेला. चूल गेली, गिऱ्हाईक पांगलं, पुतणी लग्न होऊन गेली. आक्का रिकामी. मॅडम तिच्याकडंच जेवायच्या. त्यांनी तिला रसशाळेत आणलं.

सगळं ऐकून घेतल्यावर आक्कानं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे आजारी माणसाला मी फसवायचं?"

"फसवायचं नाही आक्का. त्यांना आधी सांगितलेलं असतं."

"सांगून फसवायचं. बरं." मग जरा वेळानं, "मॅडम, पंगत वाढली की मी बी रश्श्यात पाणी वाढवत हुते. पर नुसतं पाणी कुणाच्या ताटात वाढलं न्हाय."

तरी तिनं काम घेतलं, आणि घेतलं ते असं की ज्याचं नाव ते. रंगाला करपवलेली नाचणी. दाटपणाला तांदळाची पेज. कडूपणाचे थेंब मॅडम एका बारक्या बाटलीतून स्वतः द्यायच्या. मनावर काम करणारं काहीही खोट्या पातेल्यात पडता कामा नये, हा त्यांचा दंडक. राहिला वास. जटामांसीचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. ज्यानं घेतला नाही त्यानं पावसाळाभर माळ्यावर पडलेलं अंथरूण आठवावं. हा वास बाजारात मिळत नाही. आक्कानं माझ्या भांडारातलं एक रिकामं तरट ओढलं, उकळत्या पाण्यात धुऊन धुऊन त्याचा जीव घेतला आणि पातेल्याच्या तोंडाला वाफेवर बांधलं.

दोन्ही काढे दोन कपांत ठेवले. मॅडम हरल्या. मी हरलो. जन्मभर वनस्पतींचे वास घेण्यात ज्यांची नाकं झिजली ते आमचे प्राध्यापक हरले. एकानं तर खोट्या काढ्याला खरा ठरवून त्याचे गुणही सांगायला घेतले. मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना आधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं मला वाटलं ठसकाच लागला.

फरक कळायचा तो एकट्या आक्काला. "ह्यात माझं तरट हाय," ती थेंब चाखून सांगायची.

आता आणखी एक नियम होता, आणि त्यानंच सगळं रामायण झालं. कुठल्या पातेल्यात काय आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानं रोग्यांना भेटायचं नाही. त्याच्या तोंडावरून रोग्याला कळेल म्हणून. आक्काचं तोंड तर असं, की तिच्या मनात आलेलं गल्लीच्या कोपऱ्यावरून वाचता यायचं. तेव्हा रोगी पुढच्या व्हरांड्यात आणि आक्का मागं पत्र्याखाली.

आक्काला हे सोसेना. "कोन पितंय त्ये बघितल्याबिगर रांधायचं कसं, पावणं?" ती मला म्हणायची. मी इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलो तरी तिच्या लेखी पावणाच राहिलो. "खानावळीत मी ताटाकडं बघून न्हाय, तोंडाकडं बघून वाढत हुते. कोन तोंड पाडून बसला की त्येला तळातली पळी. घट्ट. इचारायचं न्हाय, काय झालं म्हनून. वाढायचं."

मग जेवताना मी तिला व्हरांड्यातल्या गोष्टी सांगायचो. माझी खिडकी तिकडं उघडते. सांगताना फोडणी घालायचो हे कबूल, पण कोल्हापूरचा माणूस आपली उदासी सांगायला बसला की मूळ पदार्थच असा असतो की फोडणी लागत नाही.

मॅडम विचारायच्या, "गेल्या आठवड्यात उदास वाटलं का?"

समोर दाराएवढा रुंद माणूस. "उदास? मला? मॅडम, छाती बघा."

"झोप लागते?"

"एक नंबर!"

"जेवण जातं?"

"अख्खं बकरं आना हिकडं!" आणि एवढं बोलून तो बाहेर जाऊन मोटरसायकलवर बसायचा, किल्ली लावायचा, आणि टाकीवर डोकं टेकून रडायचा. गाडी तशीच सुरू.

मॅडमना प्रश्न बदलता येत नव्हते, ते ठरलेले असतात. पण प्रश्न विचारून गप्प बसायला त्या शिकल्या. पेन खाली ठेवायच्या आणि नुसत्या बसायच्या. आमच्याकडच्या माणसाला शिवी चालते, धपाटा चालतो, शांतता सोसत नाही. थोड्या वेळानं तो आपणच सुरू व्हायचा, आणि मग मॅडमना उठता यायचं नाही. दिवसभर असं गप्प बसून ऐकणं हे ऊस तोडण्याइतकं दमवणारं काम आहे. संध्याकाळी त्या मागं यायच्या, आक्काकडून कपभर चहा घ्यायच्या आणि भिंतीकडं बघत प्यायच्या. आक्का काही विचारायची नाही.

एका दुपारी एक बाई पाणी शोधत चुकून मागं आली. कोडोलीची. चाळिशीतली, हाताला शेणाचा वास, पिशवीत काढ्याची बाटली. मी तिला पुढं पाठवणार, तोवर आक्कानं तांब्या तिच्या हातात दिला होता आणि पाटही सरकवला होता.

"काय हुतंय, बाई?"

"काय न्हाय. चाललंय की."

"चाललंय तर कोडोलीहून हितं पाय तुडवत कशाला आलीस?"

बाई पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं. मग तांब्याकडं बघतच बोलायला लागली. "भाकरी कराय बसती. पीठ मळती. आनि मग तशीच बसून ऱ्हाती. तवा लाल हुतोय, दिसतंय मला, पर हात उचलत न्हाय. रातच्याला डोळ्याला डोळा न्हाय. सकाळी उठायचं म्हटलं की अंगात कुनीतरी वाळू भरलीया असं वाटतंय."

"ह्ये मॅडमला सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनीच हे औषिद दिलंय. लई कडू हाय. गुन येनार."

"बघू," आक्का म्हणाली. मी मान हलवत होतो, डोळे वटारत होतो, खोकत होतो. माझ्या खोकण्यानं पत्र्यावरची कबुतरं उडाली, पण आक्का बधली नाही. तिनं बूच उघडलं, थेंब तळहातावर घेतला, चाखला. आणि तिचं तोंड उतरलं.

मला कळलं. तरट.

सुदैवानं बाई तिच्याकडं बघत नव्हती. आक्कानं बूच लावलं, बाटली पिशवीत परत ठेवली, डब्यातली निम्मी भाकरी बाईला खाऊ घातली आणि तिला वाटेला लावलं. नंतर बराच वेळ पातेलं घासत राहिली. त्या पातेल्याला आधीच आरशासारखी चकाकी होती.

"पावणं, त्या बाईला मी तरटाचं पानी पाजतीया."

"आक्का, तो नियम आहे. संपल्यावर ज्याला खोटा मिळाला त्याला खरा देणारच आहेत."

"संपल्यावर." तिनं पातेलं उपडं घातलं. "तवर तिच्या अंगातली वाळू कोन काडनार?"

त्यानंतर आक्का शांत झाली. फार शांत. मला वाटलं, पटलं तिला. माझी अक्कल एवढीच चालते. पुढच्या फेरीला खिडकीतून माझ्या कानावर आलं, कोडोलीची बाई मॅडमना सांगत होती, "आता झोप लागती. सकाळी उठाय येतंय." मी धावत जाऊन आक्काला बातमी दिली. ती म्हणाली, "लागंलच की," आणि शेगडीचा जाळ बारीक केला.

मग यंत्राची तपासणी आली. दोन्ही काढ्यांचे नमुने अधूनमधून यंत्रात घालून बघतात. खऱ्यात काय काय आहे, खोट्यात काही नाही ना. यंत्र म्हणालं, खोट्यात ब्राह्मी आहे. थोडी, पण आहे. जटामांसीही आहे.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. पहिला संशय भांडारावर. ब्राह्मीचं पोतं नाचणीच्या शेजारी असतं का? सांडलं का? कुणी हात न धुता मापं घेतली का? माझ्या तोंडचं पाणी असं पळालं की ते थेट पंचगंगेला जाऊन मिळालं असावं. मी बोलायला तोंड उघडलं आणि आतून नुसती वाफ आली.

"त्येला कशाला धरताय?" आक्का मागून म्हणाली. ती हात पुसत दारात उभी होती. "पातेलं मी बाटवलं."

मॅडमनी चष्मा काढला. त्या ओरडल्या असत्या तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. "कधीपासून?"

"ती कोडोलीची बाई आली तवापासनं. दर उकळीला खऱ्यातली पळीभर. तळातली."

"सगळ्यांच्या बाटल्यांत?"

"पातेलं येकच हाय की मॅडम. येकटीला कसं वाढू?"

मॅडमनी चष्म्याची काच पुसली. मग म्हणाल्या, "आक्का, ती बाई बरी होतेय. कशानं, हे आता मला कधीच कळणार नाही."

"कळून काय करायचं हाय? बाई झोपाय लागली."

"पुढच्या बाईला काय द्यायचं ते ठरवायचं होतं. अशी बाई एका कोडोलीतच आहे का? प्रत्येक गावात आहे. त्यांना उद्या हा काढा द्या म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू? उपयोग नसेल तर त्यांचा वेळ जाईल, दुखणं वाढेल. असेल, तर तो मला दाखवता येणार नाही."

कोल्हापुरात माणूस चुकला तरी उत्तर असतं. किंबहुना तेव्हाच जास्त मोठ्या आवाजात असतं. आक्का नुसती उभी राहिली आणि एकदम म्हातारी दिसली.

काम थांबलं. तोवरचं सगळं बाद. पहिल्यापासून पुन्हा: पुन्हा परवानग्या, पुन्हा रोगी, पुन्हा तेच प्रश्न विचारून गप्प बसणं. मॅडम खुर्चीत अशा बसल्या होत्या की जणू उठायला एखादं कारण सापडतंय का ते शोधतायत.

"लोकांना सांगावं लागेल," त्या शेवटी म्हणाल्या.

"मी सांगती," आक्का म्हणाली. "त्येवढं तर करू द्या."

तेव्हा पहिल्यांदा ती व्हरांड्यात गेली. माणसं बाकांवर दाटीनं बसलेली. आक्कानं एकेकाच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं, आणि मग बोलली. खोटा काढा ती करायची, त्यात तिनं खरा मिसळला, आता सगळंच फुकट गेलं, चूक तिची, मॅडमची नाही.

मग जो गलका झाला त्यानं पत्रे वाजले.

"म्हंजे मी इतकं दिवस नाचनीची पेज पीत हुतो?" मास्तर उठून उभे राहिले. तेच ते दूध मागणारे, पुढं रोग्यांत आलेले.

"मास्तर, तुमास्नी खरा हुता का खोटा, कुनाला म्हाईत!"

"मग माझी छातीतली धडधड थांबली ती कशानं?"

"तुमची बायको म्हायेराला गेलीया न्हवं?"

माणसं हसली. काही जण हसता हसता गप्प झाले. तो दाराएवढा पैलवान आक्काजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, उरलाय का जरा? काय बी असूंदे त्यात." मॅडमनी त्याला बाजूला नेलं, खाली बसवलं आणि मनाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. मग प्रत्येकाशी त्या वेगळं बोलल्या. संध्याकाळ झाली.

कोडोलीची बाई आलीच नव्हती. फोन लागेना. मॅडमच्या कपाळावर आठी चढली. तिला सांगायला पाहिजे होतं, तिला तपासायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आणि मी एस.टी.त बसलो. कंडक्टरनं सुट्ट्यावरून तिच्याशी वाद घातला आणि तिनं उत्तर दिलं नाही, यावरून काय ते समजा.

कोडोलीत गावाबाहेर तिचं घर. अंगणात गोठा, गोठ्यात एक म्हैस. बाई शेणाची पाटी भरत होती.

"बाई, त्यो काढा पिऊ नगंस आता," आक्का दम खात म्हणाली. "त्यात मी—"

"मी कुटं पितीया?"

आक्का जागच्या जागी थांबली. "मंग?"

"सासूला घालती."

ती आम्हाला आत घेऊन गेली. खाटेवर म्हातारी, काडीसारखी, डोळे मात्र टक्क. म्हातारीचं भान सुटलं होतं. नवरा बिद्रीला साखर कारखान्यावर, हंगामात घरी नसतो. रात्र झाली की म्हातारी ओरडायची, "म्हस सुटली! म्हस सुटली!" आणि ही उठून बघून यायची. दर वेळी. कारण एकदा खरोखरच सुटली होती आणि दुसऱ्याच्या उसात शिरली होती.

"पयल्या दिवशी मीच प्याले," बाई सांगत होती. "मग म्हटलं, मला झोप लागून काय उपेग? ही उठवनारच. हिलाच झोप लागली तर दोघी झोपू."

मी आजवर पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण एवढा साधा विचार एकालाही सुचलेला पाहिला नाही. आणि एवढा गाढवपणाही पाहिला नाही, कारण म्हातारीला तपासल्याशिवाय तिच्या पोटात काय घालायचं? पण बाई ज्या तोंडानं हे सांगत होती त्याकडं बघून रागवायचं कसं?

"मग? गुन आला?" आक्कानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"आदी काय न्हाय. म्हातारी आपली वरडतीयाच. पर मागल्या म्हयन्यापासनं गप पडाय लागली बगा."

मागल्या महिन्यापासून. पळीभर पडायला लागली तेव्हापासून. आक्का माझ्याकडं वळली. त्या तोंडावर काय होतं ते मी सांगत नाही, तुम्ही वजाबाकी कराल. पंचायत जिंकलेल्या उमेदवाराच्या तोंडावर गुलालाशिवाय जे असतं ते.

"आनि तवाच ती सुटनारी म्हस बी इकली आमी," बाई पुढं म्हणाली. "आता ही येकच हाय. गरीब हाय."

मी हसलो. मला आवरेना. आक्काही हसली, मग खाटेच्या कडेवर बसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. काढा, पळी, म्हैस. आता ब्रह्मदेवाला बसवलं तरी निवाडा होणार नव्हता.

मग मी बाईला सांगितलं की बाटल्या आता मिळणार नाहीत, काम थांबलंय. आणि म्हातारीला मॅडमकडं आणा, त्या योग्य डॉक्टरांना दाखवतील.

"बरं," बाई म्हणाली. अंगणात येऊन तिनं पाटी उचलली, पण डोक्यावर घेतली नाही. हातात धरून तशीच उभी राहिली. "आनायचं म्हंजे गाडी बगाय लागंल. ह्यास्नी इचाराय लागंल. बगू. चाललंय की."

आक्कानं डोळे पुसले. बाईच्या हातातली पाटी काढून घेतली.

"पावणं, तू जा. मॅडमला सांग, मी चार दिस हितंच हाय. गाडीचं बगती. आनि म्हातारीजवळ मी बसती. म्हस सुटली म्हनाली तर मी बगीन की. मला कुटं खानावळ उघडायची हाय सकाळी?"

मी एकटा परत आलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, अगदी म्हैस विकल्याचंसुद्धा. "आणि मी हिला बरं वाटतंय म्हणून किती खूश झाले होते," त्या म्हणाल्या. मग फोन उचलून म्हातारीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली.

आता ते काम पुन्हा सुरू झालंय. या वेळी काढा नाही, त्याचं सत्त्व काढून कॅप्सूल. खरी आणि खोटी दोन्ही बाहेरून बनून येतात, पांढऱ्या डब्यांत, चव नाही, वास नाही. मॅडम अजून प्रश्न विचारून गप्प बसतात. उत्तर यायला वेळ आहे. पत्र्याखालच्या शेगड्या थंड आहेत आणि मी एकटा जेवतो.

आक्काचे चार दिवस संपले नाहीत. म्हातारी होती तोवर ती कोडोलीतच राहिली; नंतर सीमेपलीकडं कर्नाटकात भावाकडं गेली म्हणतात. तिचा नंबर लागत नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते पुढच्याच आठवड्यात, म्हातारीच्या डॉक्टरांचा कागद पोचवायला गेलो तेव्हा. भर दुपार होती. गोठ्याच्या सावलीत जमिनीवर ती बाई झोपली होती. वाकळ नाही, उशी नाही. एक हात डोक्याखाली, तोंड उघडं, पायावर माशी बसलेली. चरवी रिकामी कलंडलेली. सकाळच्या धारेची वेळ होऊन गेली होती आणि म्हैस हंबरत होती. आतून म्हातारी ओरडली, "म्हस सुटली गं, म्हस सुटली!"

"सुटूंदे आज," आतून आक्काचा आवाज आला, बारीक, कधी नव्हे एवढा बारीक.

मग ती दारात आली. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, बाईकडं बघितलं आणि हातानंच मला मागं फिरायला सांगितलं. मी कागद उंबऱ्यावर ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि चपला हातात घेऊन अंगणाबाहेर आलो. म्हैस हंबरतच राहिली. कुणी बाईला उठवलं नाही.